शनिवारची उजळणी : लॅटिनच्या वर्गाची गोष्ट

इसवी सन ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर येथे भरलेल्या धर्मसभेने बिशपांना सांगितले, की प्रवचने लोकांना कळतील अशा गावठी रोमान्स बोलीत किंवा जर्मनमध्ये करावीत. लॅटिन आता घरात ऐकून येणारी भाषा राहिलेली नाही, याची ही अधिकृत कबुलीच होती. उपासना, कायदा, वैद्यक, खगोल, राजाराजांमधला पत्रव्यवहार हे सगळे त्यानंतरही कित्येक शतके लॅटिनमध्ये चालू राहिले. पण ती भाषा आईच्या तोंडून एकाही मुलाला मिळत नव्हती. प्रत्येक पिढीने वर्गात बसावे आणि पहिल्या विभक्तीपासून नव्याने सुरुवात करावी, एवढाच मार्ग उरला होता. घरी ती कानावर पडत नाही, बाजारात लागत नाही, खेळताना तोंडात येत नाही. तेव्हा सोमवारी शिकलेले शनिवारपर्यंत टिकवायचे तर ते शाळेलाच करावे लागणार. म्हणून युरोपातल्या लॅटिन शाळांनी शिकवण्याइतकीच, किंबहुना काकणभर जास्तच, मेहनत उजळणीवर घेतली. रोजची, आठवड्याची, महिन्याची अशी उजळणीची वेळापत्रके ठरत गेली आणि त्यांत आठवड्याची उजळणी सर्वांत पक्की रुजली.

खुद्द रोमन मुलांना ही अडचण नव्हती. प्राथमिक शाळेला रोमन लोक ‘लूदुस’ म्हणत; या शब्दाचा दुसरा अर्थ खेळ असा आहे, आणि तिथे तापट मास्तरांपुढे बसणाऱ्या मुलांना तो विनोदच वाटला असणार. पुढच्या पायरीवरचा ‘ग्रामातिकुस’ हा शिक्षक मुलांना आधीच येत असलेली भाषा शुद्ध करून देई आणि कवी वाचायला शिकवी. चौथ्या शतकात रोममध्ये असा एक शिक्षक होता, एलिउस दोनातुस. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा संत जेरोम हा त्याचा विद्यार्थी. दोनातुसने लिहिलेले छोटे व्याकरण प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. शब्दांच्या जाती किती, असा गुरूचा प्रश्न. आठ, असे शिष्याचे उत्तर. कोणत्या त्या सांग, की लगेच यादी. पुस्तक इतके लहान, की अख्खे पाठ करता येई, आणि मुले ते अख्खे पाठ करतही. पुढे हजार वर्षे युरोपभर ‘दोनात’ हे पुस्तकाचे नाव न राहता कोणत्याही पहिल्या पुस्तकाचे नाव झाले, जसे आपल्याकडे अंकलिपी. गुटेनबर्गच्या छापखान्यातून बायबलबरोबरच याच पुस्तकाच्या प्रती निघत होत्या, कारण त्यांना हमखास गिऱ्हाईक होते.

मराठी शाळेतली मुले नाम, सर्वनाम, विशेषण करत केवलप्रयोगी अव्ययापर्यंत ज्या आठ जाती पाठ करतात, त्यांचे मूळ याच परंपरेत आहे. संस्कृत परंपरा पदांच्या चार जाती मानते : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठाचा हिशेब ग्रीकांकडून लॅटिन व्याकरणकारांकडे, त्यांच्याकडून इंग्रजी शालेय व्याकरणांत आणि एकोणिसाव्या शतकात तिथून मराठी व्याकरणांत आला. वाटेत थोडी अदलाबदल झाली. दोनातुसच्या यादीत विशेषण वेगळे नव्हते, ते नामातच मोडत असे, आणि धातुसाधित मात्र स्वतंत्र जात होती. इंग्रजीत धातुसाधिताची खुर्ची विशेषणाला मिळाली, पण खुर्च्या आठच राहिल्या.

मातृभाषा म्हणून लॅटिन न येणाऱ्या मुलांसाठी दोनातुस अपुरा होता. त्याने रूपे सांगितली, पण वाक्ये बोलायला कोण शिकवणार? इंग्लंडमधल्या एल्फ्रिक या भिक्षूने सन १००० च्या सुमारास त्यावर एक युक्ती काढली. मठातल्या मुलांसाठी त्याने लॅटिन संवाद लिहिला. त्यात एकेका मुलाने एकेक सोंग घ्यायचे : कोणी नांगऱ्या, कोणी मेंढपाळ, कोणी कोळी, कोणी पारधी, कोणी चांभार, कोणी आचारी. नांगऱ्या झालेला मुलगा सांगतो, की थंडी कितीही पडली तरी मालकाच्या धाकाने पहाटे बैल घेऊन शेतावर जावेच लागते. कोळी झालेला मुलगा जाळ्यात काय काय मिळते ते सांगतो. गुरूने प्रश्न विचारावा, सोंगाने उत्तर द्यावे. या निमित्ताने व्यवसायांचे, प्राण्यांचे, अवजारांचे शेकडो शब्द तोंडात बसत. संवादाच्या आरंभीच गुरू मुलांना विचारतो, शिकताना मार खायची तयारी आहे ना? मुले होकार देतात. अडाणी राहण्यापेक्षा मार परवडला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख आहे. अर्थात, उत्तर मुलांच्या तोंडी घालणाराही गुरूच होता.

उजळणीच्या पद्धतीचे एक तपशीलवार वर्णन बाराव्या शतकातले आहे. फ्रान्समधल्या शार्त्र येथील बर्नार या शिक्षकाबद्दल जॉन ऑफ सॉल्झबरी या इंग्रज विद्वानाने ११५९ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात ते आले आहे. जॉन बर्नारचा थेट शिष्य नव्हता. बर्नारच्या पद्धतीने शिकवणाऱ्या पुढच्या शिक्षकांकडे तो शिकला. बर्नारचा नियम असा, की आदल्या दिवशी ऐकलेल्यातले काहीतरी दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने म्हणून दाखवायचे. संध्याकाळी व्याकरणाची अशी कसून घोटाई चाले, की वर्षभर ती मन लावून केलेला विद्यार्थी अगदीच मंद नसेल तर लिहू-बोलू लागे. आपल्या पंतोजींच्या शाळेतली संध्याकाळच्या परवच्याची वेळ ज्यांना आठवते, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. बर्नारच्या वर्गात नुसते पाठांतर नसे, एवढा मात्र फरक. मुलांनी रोज गद्य-पद्य रचायचे आणि एकमेकांचे तपासायचे, असाही दंडक होता.

या सगळ्या पाठांतराला एक साधे कारण होते. पुस्तके नव्हती. वर्गात एक हस्तलिखित, तेही गुरूच्या हातात. मुलांकडे फार तर मेणाची पाटी, तिच्यावरचे आज लिहिलेले उद्या पुसायचे. म्हणजे डोके हीच वही. त्यामुळे व्याकरणही पद्यात आले. फ्रान्समधल्या अलेक्सांद्र द व्हिलदिए याने ११९९ च्या सुमारास लिहिलेले ‘दोक्त्रिनाले’ हे सुमारे २,६०० ओळींचे पद्यमय व्याकरण तीनशे वर्षे शाळाशाळांत घोकले गेले. पुढे मानवतावादी विद्वानांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. त्यांच्यातल्या अनेकांचे स्वतःचे लॅटिन त्याच ओळी घोकून पक्के झालेले होते, ही गोष्ट टिंगल करताना सहसा विसरली जाई.

वर्गाबाहेर मुले आपापल्या बोलीत बोलत, आणि शाळेच्या दृष्टीने तिथेच सगळे पाणी वाहून जाई. पंधराव्या शतकातल्या जर्मन शाळांत यावर हेर नेमलेले असत. मुलांमधलाच एकजण गुपचूप ‘लुपुस’, म्हणजे लांडगा, बनवला जाई. कोण जर्मनमध्ये बोलले त्याची नावे तो टिपून ठेवी आणि ठरलेल्या दिवशी मास्तरांपुढे यादी वाचली जाई. दुसरा प्रकार ‘आसिनुस’, म्हणजे गाढव. गाढवाचे चित्र किंवा लाकडी आकृती चुकलेल्याच्या गळ्यात पडे आणि पुढचा कोणी मातृभाषेत बोलताना सापडेपर्यंत तिथेच राही. स्वतःच्या गळ्यातले दुसऱ्याच्या गळ्यात घालायची घाई इतकी, की गाढव घातलेला मुलगा दिवसभर बाकीच्यांच्या तोंडाकडे कान लावून बसे. शाळेला पगार न देता पहारेकरी मिळाला.

सोळाव्या शतकात छापील पुस्तके स्वस्त झाली आणि इंग्लंडात ग्रामर स्कूलचे जाळे पसरले. लंडनच्या सेंट पॉल्स या शाळेची १५०९ मध्ये १५३ मुलांसाठी नव्याने स्थापना झाली. तिच्यासाठी इरॅस्मसने पाठ्यपुस्तक लिहिले आणि तिचा पहिला मुख्याध्यापक विल्यम लिली याच्या नावाचे व्याकरण पुढे आठव्या हेन्रीच्या हुकमाने साऱ्या राज्यात एकमेव अधिकृत व्याकरण ठरले. एकच पुस्तक सगळीकडे, म्हणून वेळापत्रकही सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच. उन्हाळ्यात सकाळी सहाला शाळा भरे, अकराला जेवणाची सुट्टी, एक वाजता पुन्हा भरे ती पाचपर्यंत. आठवड्याचे पहिले चार दिवस नवे पाठ. शुक्रवारी त्या सगळ्या पाठांची उजळणी आणि परीक्षा. शनिवारी उरलेले म्हणून दाखवणे आणि धर्मशिक्षण. शनिवारी दुपारी मुले सुटत. ईटनमध्ये शुक्रवार हा आठवड्याच्या गुन्ह्यांचा हिशेब चुकता करण्याचाही दिवस होता. तिथला मुख्याध्यापक निकोलस उडल याच्या छडीची कीर्ती मोठी. शेतीवर पद्ये लिहिणारा टॉमस टसर त्याच्या हाताखाली शिकला. किरकोळ कारणावरून एकदम ५३ फटके खाल्ल्याचे त्याने म्हातारपणीच्या आत्मचरित्रपर पद्यात हिशेबासकट नोंदवून ठेवले आहे.

ईटनच्या छडीतूनच लॅटिन अध्यापनावरचे इंग्रजीतले सर्वांत वाचनीय पुस्तक जन्माला आले. डिसेंबर १५६३ मध्ये लंडनात प्लेग होता आणि राणी एलिझाबेथ विंडसरला मुक्कामी होती. तिथे जेवताना मंत्री विल्यम सेसिल याने बातमी सांगितली, की माराच्या भीतीने ईटनची काही मुले पळून गेली आहेत. पंगतीत वाद रंगला. राणीचा एके काळचा शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम तिथे होता. छडीने मूल विद्येचाच द्वेष करू लागते, असे त्याने मांडले, आणि त्या चर्चेतून ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक लिहिले गेले. ते १५७० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्याच्या पत्नीने छापून आणले.

अ‍ॅस्कमची युक्ती दुहेरी भाषांतराची होती. मुलाने रोमन वक्ता किकेरो (सिसेरो) याचे एक सोपे पत्र घ्यावे. गुरूने त्याचा अर्थ नीट समजावून द्यावा. मग मुलाने एकट्याने बसून एका वहीत त्याचे इंग्रजी करावे. पुस्तक गुरूने काढून घ्यावे आणि किमान तासभर जाऊ द्यावा. मग मुलाने आपलेच इंग्रजी समोर ठेवून दुसऱ्या वहीत ते पुन्हा लॅटिनमध्ये न्यावे. आता गुरूने मूळ पत्र शेजारी मांडावे आणि दोन्ही ओळीओळीने ताडून पाहावीत : इथे किकेरोने हा शब्द घेतला असता, इथे क्रियापद शेवटी ठेवले असते. चूक झाली तर रागावायचे नाही, कारण तुलना हाच धडा. नियम पाठ म्हणून दाखवण्याऐवजी भाषा मनात किती उतरली आहे ते पाहणारी ही उजळणी आहे. आजही कोणतीही परभाषा शिकणाऱ्याला घरबसल्या करता येईल असा इतका स्वस्त आणि इतका कसाला लावणारा व्यायाम दुसरा सापडणे कठीण.

बाकीच्या शाळांत मात्र लिलीचे नियम आणि शुक्रवारची भीती चालू राहिली. तिचे चित्र शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकाच्या चौथ्या अंकात जसेच्या तसे आहे. पोराच्या डोक्यात काही शिरत नाही अशी बापाची कुरकूर, म्हणून आई शाळेला सुट्टी असताना भररस्त्यात पाद्र्याला त्याची परीक्षा घ्यायला लावते. पोराचे नावही विल्यम. नामाची वचने किती, दगडाला लॅटिनमध्ये काय म्हणतात, षष्ठीचे अनेकवचन कोणते, असे प्रश्न येतात. शेजारी उभी असलेली, लॅटिनचा गंध नसलेली बाई प्रत्येक लॅटिन शब्द इंग्रजी समजून ऐकते आणि षष्ठीच्या रूपांत तिला बाजारबसव्यांचे नाव ऐकू येते. मुलांना असले शिकवतात म्हणून ती पाद्र्यावर उखडते. प्रेक्षकांतल्या ज्यांनी ज्यांनी शुक्रवारी ही रूपे म्हटली होती, ते सगळे इथे हसले असणार.

आठवड्याच्या उजळणीला खरे शास्त्र मिळाले ते येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइटांच्या शाळांत. संघाची स्थापना १५४० ची. बाहेरच्या मुलांसाठी पहिले मोठे विद्यालय १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेस्सिना येथे निघाले, रोमचे कॉलेज १५५१ मध्ये. १६१५ पर्यंत अशी विद्यालये ३७२ झाली होती. इतक्या शाळा, इतक्या देशांत, एकाच पद्धतीने चालवायच्या तर नियम लेखी हवेत. १५८६ आणि १५९१ च्या मसुद्यांवर जगभरच्या शिक्षकांची मते मागवून १५९९ मध्ये ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही अंतिम नियमावली निघाली. व्याकरणाचे तीन वर्ग, त्यावर साहित्याचा एक, सर्वांत वर वक्तृत्वाचा एक. पाठ्यपुस्तक म्हणून पोर्तुगीज जेझुइट मानुएल आल्व्हारेस याचे, लिस्बनला १५७२ मध्ये छापलेले तीन भागांतले व्याकरण. प्रत्येक वर्गाच्या वाट्याला त्याचा ठरलेला हिस्सा.

या वर्गात एक दिवस कसा जाई ते नियमावलीवरून डोळ्यांपुढे उभे करता येते. वर्ग दहा-दहा मुलांच्या तुकड्यांत वाटलेला. प्रत्येक तुकडीला एक ‘देकुरिओ’, रोमन पलटणीतल्या दहांच्या नाईकावरून घेतलेले नाव. सकाळी मुले आली, की आपापल्या देकुरिओपुढे कालचा पाठ म्हणत. देकुरिओ वहीत प्रत्येकाच्या नावापुढे कितीदा अडखळला ते टिपी, आणि निबंध कोणी आणला नाही तेही. सगळा वर्ग असा गुणगुणत असताना शिक्षक एकेका मुलाला जवळ बोलावून त्याचा लेखी अभ्यास तपासत असे. म्हणजे पन्नास-शंभर पोरांचा पाठ एकाच वेळी ऐकला जाई आणि शिक्षकाचा वेळही वाया जात नसे. मग ‘प्रेलेक्तिओ’, म्हणजे नव्या उताऱ्याची उकल. शिक्षक उतारा सलग वाची, थोडक्यात आशय सांगी, एकेक वाक्य सोडवी आणि शेवटी टिपून घेण्याजोगे शब्दप्रयोग दाखवी. लगेच तिथल्या तिथे मुलांकडून ते परत म्हणवून घेई. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा देकुरिओ.

लेखी काम शनिवार सोडून रोज. शनिवार राखून ठेवलेला असे तो उजळणीसाठी. आठवडाभरात वाचले ते सगळे त्या दिवशी नव्याने निघे. कोणी पुढे होऊन आठवड्याचे सर्व पाठ किंवा अख्खे पुस्तक म्हणून दाखवतो म्हणाला, तर त्यांतल्या काहींना निवडून मधोमध उभे करायचे आणि बाकीच्या वर्गाने त्यांच्यावर प्रश्नांचा मारा करायचा. टिकला त्याला बक्षीस. प्रत्येक मुलाला एक ‘एमुलुस’, म्हणजे नेमून दिलेला प्रतिस्पर्धी असे. पहिला चुकला की दुसऱ्याने त्याच क्षणी दुरुस्त करायचे. पुष्कळ शाळांत वर्गाचे दोन तट पडत, एक रोमन आणि दुसरा कार्थेजी, आणि प्यूनिक युद्धे विभक्तिप्रत्ययांवर लढली जात. महिन्या-दोन महिन्यांनी लेखी परीक्षा घेऊन पहिल्या आलेल्यांना रोमन-ग्रीक अधिकारपदे मिळत. नियमावली तयार करणाऱ्यांना मुलांचा स्वभाव चांगला कळला होता. एकाच पाठाची तिसऱ्या-चौथ्यांदा उजळणी करायला मूल कंटाळते. समोरच्या तटातल्या अमक्याला चीत करायचे म्हटले, की तोच पाठ ते रात्रीतून घोटून येते. त्याच युक्तीने शेजाऱ्याच्या चुकीवर टपून बसायची सवयही लागते, ही तिची काळी बाजू, आणि तिच्यावर नंतरच्या काळात टीकाही पुष्कळ झाली.

माराबाबतची तरतूद तर खास नोंदवण्यासारखी आहे. शिक्षकाने मुलावर हात उचलायचा नाही. मार देणे अटळच झाले, तर ते काम संघाबाहेरच्या एका पगारी माणसाने करायचे. त्याला ‘करेक्तोर’ म्हणत. शिकवणारा हात आणि मारणारा हात वेगळे ठेवण्याची ही व्यवस्था अ‍ॅस्कमला कितपत पटली असती कोण जाणे. मुलांच्या पाठीला त्यात फारसा फरक पडत नसावा.

हीच नियमावली आणि हेच आल्व्हारेसचे व्याकरण गोव्यात आले. गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजचा पाया १५४१ मध्ये पवित्र श्रद्धेच्या सेमिनरीच्या रूपाने घातला गेला होता आणि काही वर्षांतच ते जेझुइटांकडे आले. आशिया-आफ्रिकेतल्या अनेक भाषा बोलणारी मुले तिथे एकत्र शिकत. त्या सगळ्यांना पोर्तुगीज आणि वर लॅटिन. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना याच कॉलेजात बसला, आणि त्या काळच्या पत्रांवरून दिसते, की त्यावर प्रथम छापली गेली ती वादसभेसाठीची तात्त्विक प्रमेये, म्हणजे वर्गातल्या चढाओढीचेच साहित्य. आल्व्हारेसचे पुस्तक तर त्याहून दूर गेले. जपानमधल्या आमाकुसा येथे १५९४ मध्ये त्याची आवृत्ती निघाली, लॅटिन क्रियापदांच्या रूपांशेजारी जपानी रूपे घालून.

गोव्यात मात्र या व्याकरणाचे उलटे टोक पाहायला मिळते. ज्या इंग्लंडात वर वर्णिलेल्या शाळा भरत होत्या तिथलाच टॉमस स्टीफन्स, मराठी वाचकांचा फादर स्टीफन्स, २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात उतरला. चार वर्षांनी त्याने भावाला लॅटिनमध्ये लिहिलेल्या पत्रात म्हटले, की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी नाते सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या प्रसिद्ध भाषणाआधी दोनशे वर्षे हे निरीक्षण झाले. लॅटिनच्या विभक्त्या लहानपणापासून घोटून घेतलेल्या कानालाच कोकणी-मराठीच्या विभक्त्या ऐकून तशी खूण पटावी, यात नवल नाही. पुढे त्याने मराठीत सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. आणि गोव्याच्या कोकणीचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर, इतरांनी भर घालून, १६४० मध्ये राचोललाच निघाले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. त्याचा सांगाडा लॅटिन व्याकरणाचा आहे : तीच विभक्त्यांची नावे, तेच काळ आणि अर्थ. नव्या पाद्र्यांनी देशी भाषा शिकायची ती अशी, आपण शाळेत जे घोकले त्या चौकटीत नवे शब्द बसवून. पिढ्या गेल्या, पुस्तक दुर्मिळ झाले, आणि १८५७ मध्ये कुन्य रिव्हार याने नव्या गोव्यात ते पुन्हा छापून घेतले.

युरोपात याच सुमारास पाठांतराविरुद्धची सर्वांत हुशार बंडखोरी झाली. मोराव्हियातला निर्वासित धर्मोपदेशक आणि शिक्षक कोमेनिउस याने १६३१ मध्ये हजार वाक्यांत सुमारे आठ हजार शब्द गुंफणारे पुस्तक काढले, आणि १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला ‘ओर्बिस सेन्सुआलिउम पिक्तुस’ हे चित्रमय पुस्तक. दीडशे पाठ. प्रत्येक पाठावर एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, खाली एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला जर्मन वाक्य, त्यांतही तेच आकडे. सुरुवात प्राण्यांच्या आवाजांनी होते, कावळा काय करतो, कोकरू काय करते. पुढे लोहाराचा भाता, भटारखाना, छापखाना, खुद्द शाळाही. पुस्तक मिटले तरी चित्र आठवते आणि चित्राबरोबर शब्द येतो. उजळणीचा अर्धा भार डोळ्यांनी उचलला. दुसऱ्याच वर्षी चार्ल्स हूल या इंग्रज शिक्षकाने त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. याच हूलने ग्रामर स्कूलचे आठवड्याचे वेळापत्रक कसे असावे यावरही पुस्तक लिहिले आहे.

त्यानंतरचा शतकभराचा काळ उतरणीचा. १६८७ मध्ये लाइपझिगच्या विद्यापीठात तोमासिउसने व्याख्याने जर्मनमध्ये दिली. १६९३ मध्ये जॉन लॉकने विचारले, की दुकानात बसायच्या मुलाला बाप पैसे मोजून लॅटिन का शिकवतो, जे तो मुलगा शाळा सुटताच विसरणार आहे? विद्वानांची पुस्तके देशी भाषांत निघू लागली, तसा शिकण्याचा उपयोगही आटला. पोर्तुगालमध्ये मंत्री पोंबालने जून १७५९ च्या फर्मानाने जेझुइटांच्या शाळा बंद केल्या आणि आल्व्हारेसच्या व्याकरणावर नाव घेऊन बंदी घातली. पुस्तक राजद्रोही नव्हते. त्याच्यामागे अख्खी शाळा उभी होती म्हणून ते नको होते. गोव्यातली जेझुइट विद्यालयेही त्याच लाटेत गेली. १७७३ मध्ये पोपने संघच विसर्जित केला, तो १८१४ मध्ये पुन्हा सुरू झाला.

उपयोग संपला तरी वर्ग संपला नाही. एकोणिसाव्या शतकात लॅटिन ही बुद्धीला धार लावणारी सहाण मानली गेली, आणि इंग्लंडात ती सभ्य घरच्या मुलाची ओळख झाली. बेंजामिन हॉल केनेडी या श्रूझबरीच्या मुख्याध्यापकाचे ‘पब्लिक स्कूल लॅटिन प्रायमर’ १८६६ मध्ये निघाले, सुधारलेली आवृत्ती १८८८ मध्ये. लिंगनियमांच्या कविता, तक्ते, अपवाद, सारे दर आठवड्याला म्हणून दाखवायचे. छोट्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरचे ‘शॉर्टर लॅटिन प्रायमर’ हे शब्द शाई फिरवून ‘शॉर्टब्रेड ईटिंग प्रायमर’ करणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शालेय उद्योग होता. आणखी एक गंमत फार उशिरा उजेडात आली : १८८८ ची आवृत्ती बव्हंशी केनेडीच्या मारियन आणि जूलिया या मुलींनी आणि त्याच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिली होती. ज्या शाळांतल्या मुलांनी ती पाठ केली, त्यांत मुलींना प्रवेश नव्हता.

मुंबई विद्यापीठात अभिजात भाषांच्या यादीत संस्कृत, फारसी यांच्याबरोबर लॅटिनही होती. पण महाराष्ट्रावर तिची खरी छाप पडली ती संस्कृतच्या वर्गातून. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी इंग्रजी शाळांतल्या मुलांसाठी लिहिलेली संस्कृतची दोन पुस्तके पाहिली, की साचा ओळखता येतो : थोडा नियम, थोडे शब्द, मग संस्कृतातून भाषांतर, मग संस्कृतात भाषांतर. पाणिनीची सूत्रे आधी मुखोद्गत करून मग अर्थ लावायच्या पाठशाळेच्या क्रमापेक्षा हा क्रम निराळा. युरोपात लॅटिन-ग्रीक ज्या पायऱ्यांनी शिकवत, त्या पायऱ्या इथे संस्कृतला बसवल्या गेल्या, आणि महाराष्ट्रात कितीतरी पिढ्या याच पुस्तकांवर संस्कृत शिकल्या.

१९६० मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनी प्रवेशासाठी लॅटिनची सक्ती उठवली. शाळांतले वर्ग झपाट्याने रिकामे झाले. चर्चमध्ये फेब्रुवारी १९६२ मध्ये तेविसाव्या जॉन पोपने सेमिनरींतले शिक्षण लॅटिनमध्येच व्हावे असा फतवा काढला, आणि पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचे दार देशी भाषांना उघडले. फतवा कागदावर राहिला. उरलेल्या शिक्षकांना आता विद्यार्थी धाकाने मिळणार नव्हते. डेन्मार्कच्या हान्स ओर्बेर्ग याने १९५५ पासून पहिल्या पानापासून शेवटापर्यंत फक्त लॅटिनच असलेले पुस्तक आणले, ज्यात प्रत्येक नवा शब्द आधीच्या शब्दांच्या आधारे कळतो आणि मागचे शब्द पुढच्या गोष्टीत पुन्हापुन्हा भेटत राहतात. १९७० मध्ये केंब्रिजचा नवा अभ्यासक्रम आला तो पाँपेईतल्या एका सावकाराच्या घरापासून सुरू होतो; गोष्ट आधी, तक्ता मागाहून.

रोमचे १५५१ चे कॉलेज आज ग्रेगोरियन विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तिथे १९७७ पासून जवळजवळ तीस वर्षे रेजिनल्ड फॉस्टर हा अमेरिकन कार्मेलाइट पाद्री लॅटिन शिकवत होता. सकाळी व्हॅटिकनच्या कचेरीत पोपची पत्रे लॅटिनमध्ये उतरवायची, दुपारी वर्ग घ्यायचा. पाठ्यपुस्तक नाही, रूपांचे तक्ते पाठ करून घेणे नाही. पहिल्या दिवसापासून खऱ्या लेखकांचे उतारे. उन्हाळ्यातला वर्ग फुकट. घरी करायच्या प्रश्नांच्या, स्वतः टंकलिखित केलेल्या गच्च कागदांना त्याने ‘लूदी दोमेस्तिकी’, म्हणजे घरगुती खेळ, असे नाव दिले होते. तपासताना चुकांची गय नसे. सुट्टीच्या दिवशी तो विद्यार्थ्यांना घेऊन रोमच्या आसपास भटके. किकेरोचा वाडा जिथे होता त्या तुस्कुलुमच्या टेकडीवर, कधी फोर्मियाला त्याच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या थडग्यापाशी, सगळे गवतावर बसत आणि आठवडाभर वाचलेल्यातले उतारे झेरॉक्स कागदांवरून पुन्हा मोठ्याने वाचत.